साठीनंतरचं पोषण: आधी ताट, मग तपासणी, मग गोळी

पूरक गोळ्या घरात एकेक करून येतात. हाडांसाठी कॅल्शियम, थकव्यासाठी मल्टिव्हिटॅमिन, विसरायला होतं म्हणून आणखी एखादी. आलेली गोळी सहसा जात नाही. काही वर्षांनी डबा भरतो आणि त्यातली कोणती कशासाठी चालू आहे, हे घेणाऱ्यालाही आठवत नाही. त्याच काळात जेवण मात्र हळूहळू निम्म्यावर आलेलं असतं, आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

हा क्रम उलटा करायचा आहे. आधी ताट सुधारायचं, मग रक्त तपासायचं, आणि त्यानंतरही उणीव राहिली तर तेवढ्यापुरती गोळी घ्यायची. प्रत्येक गोळीला कारण, मात्रा आणि फेरविचाराची तारीख हवी. ज्या गोळीबद्दल या तीन गोष्टी सांगता येत नाहीत, तिच्याबद्दल डॉक्टरांना सर्वांत आधी विचारायचं.

पहिली पायरी: डबा टेबलावर रिकामा करा

घरातल्या सगळ्या बाटल्या, पट्ट्या, पावडरी आणि काढे एकत्र मांडा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं आणि पित्तासाठी अधूनमधून घेतलेल्या गोळ्याही त्यात धरा. वहीत चार रकाने करा: नाव, दिवसाला किती, कधीपासून, कशासाठी. मग एकच घटक किती ठिकाणांहून पोटात जातो, त्याची बेरीज करा.

सर्वांत जास्त चूक ड जीवनसत्त्वात सापडते. कॅल्शियमच्या गोळीत ते असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं, आणि वर आठवड्याला ५० किंवा ६० हजार आययूची (आययू हे जीवनसत्त्व मोजायचं एकक) वेगळी कॅप्सूल चालू असते. ही कॅप्सूल एकटीच दिवसाला सात ते साडेआठ हजार आययू भरते. डॉक्टर ती साधारण दोन महिन्यांसाठी देतात, कारण कमतरता भरून काढायची असते. ती दोन वर्षं चालू राहिली तर दोष औषधाचा नाही, थांबवण्याची तारीख कुणी लिहिली नाही त्याचा आहे. देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा ४,००० आययू आहे.

या टप्प्यावर लिहून दिलेलं औषध स्वतःहून बंद करायचं नाही. फक्त यादी करायची.

दुसरी पायरी: तीन मोजमापं घ्या

वजन महिन्यातून एकदा घ्या. काटा तोच, वेळ सकाळची, पोट साफ झाल्यावर. प्रयत्न न करता सहा महिन्यांत पाच टक्के वजन घटलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ५७ झालं, तर ते वयामुळे झालं असं समजू नका. दात दुखणं, कवळी सैल होणं, गिळायला त्रास, नैराश्य, थायरॉईड, मधुमेह, भूक मारणारं एखादं औषध किंवा लपलेला कर्करोग, यांपैकी काहीही असू शकतं. अशा वेळी पावडरचा डबा आणण्याआधी डॉक्टरांकडे जायला हवं.

वजन स्थिर असलं तरी फसगत होते. स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी घेते आणि काटा तिथेच राहतो. म्हणून दुसरं मोजमाप पोटरीचं. बसून, पाय मोकळे सोडून, पोटरीच्या सर्वांत जाड भागाला टेप लावा. घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर कुपोषणाची शंका घ्यावी. पायावर सूज असेल तर हे माप निरुपयोगी ठरतं.

तिसरं मोजमाप खुर्चीचं. हात न टेकवता, छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी आणि शेजारी कुणीतरी उभं असावं. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पायांतलं बळ कमी झालेलं आहे. तिन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. तीन महिन्यांनी हेच आकडे उपयोगी पडतील.

तिसरी पायरी: प्रथिनं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण उतारवयातल्या ताटातली सर्वांत मोठी तूट बहुधा इथेच असते. तरुण शरीर थोड्या प्रथिनांवरही स्नायू बांधतं. वय वाढलं की स्नायू त्या इशाऱ्याला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. त्यामुळे गरज वाढते, आणि नेमकं त्याच वयात जेवण मऊ, हलकं आणि पिठूळ होत जातं.

प्रौढांसाठी सर्वसाधारण शिफारस दर किलो वजनामागे ०.८ ग्रॅम असते. वयस्कांच्या पोषणावर काम करणारे तज्ज्ञगट ६५ वर्षांनंतर १.० ते १.२ ग्रॅम सांगतात, आणि आजारपणात किंवा आजारातून उठताना १.२ ते १.५. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डायलिसिस सुरू नसेल, तर मात्र हा आकडा डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचा. तिथे जास्त प्रथिनं घातक ठरू शकतात.

७२ ग्रॅम कसे भरतात ते पाहा. सकाळी दोन अंडी आणि २५० मिली दूध, सुमारे २० ग्रॅम. दुपारी २०० ग्रॅम शिजवलेली मसूर आणि १५० ग्रॅम दही, सुमारे २३. संध्याकाळी मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे, सात. रात्री १०० ग्रॅम शिजवलेला मासा, सुमारे २२. धान्यातून येणारी प्रथिनं याच्या वर. मांसाहार नसेल तर अंडी आणि माशाच्या जागी टोफू, सोयाबीन किंवा आणखी कडधान्यं घाला आणि प्रमाण थोडं वाढवा, कारण वनस्पतींमधली प्रथिनं तुलनेने कमी प्रमाणात अंगी लागतात.

हिशेबात दोन ठिकाणी घोटाळा होतो. पहिला कच्च्या-शिजवलेल्याचा. कोरड्या मसुरीत १०० ग्रॅमला सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात, पण शिजून पाणी शोषल्यावर तेवढ्याच वजनात फक्त नऊ. कोरड्याचा आकडा घेऊन शिजवलेली वाटी मोजली तर कागदावर सगळं भरलेलं दिसतं आणि पोटात निम्म्याहून कमी जातं. दुसरा घोटाळा वाटपाचा. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी थोडं आणि रात्री सगळं एकदम, असं केलं तर बेरीज बरोबर येऊनही स्नायूंना दिवसातून एकदाच पुरेसा इशारा मिळतो. मुख्य जेवणांत प्रत्येकी २५ ग्रॅमच्या आसपास गाठायचा प्रयत्न करा. सुधारणा न्याहारीपासून सुरू करा, कारण ती सर्वांत रिकामी असते.

प्रथिनांच्या पावडरीत जादू नाही. भूक नसेल, चावता येत नसेल किंवा शस्त्रक्रियेनंतर खाणं कमी झालं असेल, तर ती सोयीची. घेतलीच तर जेवणानंतर किंवा दोन जेवणांच्या मध्ये घ्या. जेवणाआधी घेतली की पोट भरतं आणि ताट उष्टं राहतं, मग फायदा काहीच होत नाही.

आणि व्यायाम. भार उचलण्याचा किंवा ओढण्याचा व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा झाला नाही, तर वाढवलेल्या प्रथिनांचा स्नायूंना फारसा उपयोग होत नाही. चालणं चांगलंच, पण ते याची जागा घेत नाही. खुर्चीतून उठ-बस, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्या उचलणं, इथून सुरुवात करता येते. वजन कमी करायला निघालेल्या साठीपुढच्या माणसाने तर हे लक्षात ठेवावंच. नुसतं खाणं तोडलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू परत मिळवणं या वयात फार जड जातं.

चौथी पायरी: ताटातलं बाकीचं

तंतुमय पदार्थ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम हवेत: भाज्या, सालासकट फळं, कडधान्यं, अखंड धान्य. एकदम वाढवू नका. आठवड्याला पाच ग्रॅम या गतीने वाढवा आणि सोबत पाणी वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठता कमी व्हायच्या ऐवजी वाढते आणि पोट फुगतं.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोट्या चमच्यापेक्षा कमी हवं. पाव, बिस्किटं, सॉस आणि पाकिटबंद पदार्थांतलं मीठही यात धरायचं. पोटॅशियम मिसळलेलं मीठ उपयोगी ठरतं. चीनमध्ये सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधं चालू असतील, तर तेच मीठ हृदयाची लय बिघडवू शकतं. विचारल्याशिवाय बदलू नका.

तहान वयाबरोबर मंदावते, म्हणून पाणी तहानेवर सोडून चालत नाही. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत वयस्क स्त्रियांसाठी किमान १.६ लिटर आणि पुरुषांसाठी २ लिटर पेयं सांगितली आहेत. हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत असल्याने पाण्यावर बंधन असेल, तर हा नियम लागू नाही.

पाचवी पायरी: गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या

रक्तगणना, ब१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) आणि कॅल्शियम हा साधारण पाया. ड जीवनसत्त्वाची तपासणी सरसकट सगळ्यांना लागत नाही. हाडं ठिसूळ असतील, उन्हात जाणं होत नसेल किंवा आतड्यांचा आजार असेल, तर करावी. क्रम महत्त्वाचा आहे. ब१२ ची गोळी महिनाभर घेऊन मग तपासणी केली की आकडा भरघोस येतो आणि आधी कमतरता होती का, हे कळायची वाट बंद होते.

केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व भरपूर असतं. ते थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यात करतात त्या ट्रोपोनिनच्या काही चाचण्या खोट्या ठरवू शकतं. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस ते बंद ठेवा आणि प्रयोगशाळेला सांगा. तातडीने रुग्णालयात जावं लागलं, तर बायोटिन चालू असल्याचं तिथे आधी सांगा.

सहावी पायरी: खरोखर लागणारी तीन पूरकं

*ब१२.* अन्नातलं ब१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं आणि ते सुटायला जठरातलं आम्ल लागतं. वय वाढलं की बऱ्याच जणांच्या जठराचं अस्तर पातळ होतं, आम्ल कमी पडतं, आणि दूध-मासे-अंडी खाऊनही ब१२ मिळत नाही. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणारे, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि कोणताही प्राणिज पदार्थ न खाणारे यांना धोका जास्त. गोळीतलं ब१२ मोकळं असल्याने आम्ल कमी असलं तरी ते शोषलं जातं.

गरज दिवसाला २.४ मायक्रोग्रॅमची, मग उपचाराची गोळी १,००० ची का? कारण शोषणाची नेहमीची वाट बंद असली तरी सुमारे एक टक्का आपोआप झिरपतं. १,००० मधले दहा मिळाले तरी काम होतं. हातापायांना मुंग्या, तोल जाणं, विस्मरण अशी लक्षणं असतील तर डॉक्टर बहुधा इंजेक्शनांनी सुरुवात करतात, कारण नसांची हानी जुनी झाली की पूर्ण भरून येत नाही. इथली सापळ्याची जागा फॉलिक आम्ल. ते एकटं जास्त घेतलं तर रक्तक्षय सुधारतो, अहवाल बरा दिसतो आणि नसांची झीज आतल्या आत चालू राहते. म्हणून ब१२ बघितल्याशिवाय मोठ्या मात्रेचं फॉलिक आम्ल नको.

*ड जीवनसत्त्व.* ७० वर्षांपर्यंत दिवसाला ६०० आणि त्यानंतर ८०० आययू, एवढी साधी शिफारस आहे. लेबलवर मायक्रोग्रॅम लिहिले असतील तर ४० ने गुणा: २० मायक्रोग्रॅम म्हणजे ८००. चरबीत विरघळणारं असल्याने तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घ्या.

जास्त घेतलं तर जास्त फायदा, हा समज इथे सर्वांत महाग पडतो. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत सुमारे २६ हजार लोकांपैकी निम्म्यांना रोज २,००० आययू दिलं. कर्करोग किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण घटलं नाही, आणि नंतरच्या विश्लेषणात हाडं मोडण्याचंही नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख आययू देऊन पाहिलं, तर पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. हा निष्कर्ष २०१० चा आहे. कमतरता असलेल्याला ड देणं वेगळं आणि भरलेल्या घागरीत ओतणं वेगळं. अतिरेकाची लक्षणं: सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, गोंधळलेपण. वयामुळे असेल, म्हणून ती सहज दुर्लक्षिली जातात.

*कॅल्शियम.* पन्नाशीनंतर स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम, पुरुषांना ७० पर्यंत १,००० आणि नंतर १,२००. गोळी घेण्याआधी ताट मोजा. २५० मिली दुधात सुमारे ३००, १५० ग्रॅम दह्यात सुमारे १८०, बाकीच्या मिश्र जेवणातून साधारण २५० ते ३००. कॅल्शियम घालून जमवलेला टोफू आणि काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे हेही चांगले स्रोत. समजा बेरीज ८०० आली, तर तूट ४०० ची आहे. मग १,००० ची गोळी कशाला?

कार्बोनेटच्या गोळीत ४० टक्के कॅल्शियम असतं, सायट्रेटमध्ये २१. म्हणजे १,२५० मिलिग्रॅम कार्बोनेट हे प्रत्यक्षात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. कार्बोनेटला आम्ल लागतं, ते जेवणाबरोबर घ्यायचं. पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर सायट्रेट बरं, ते केव्हाही चालतं. एका वेळी ५०० पेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, म्हणून गरज त्याहून मोठी असेल तर दोनदा विभागा. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला, म्हणजे मुतखडे बनवणाऱ्या अन्नातल्या घटकाला, बांधून मुतखड्याचा धोका कमी करतं, गोळीतलं मात्र काही जणांत तो वाढवतं. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेलं असेल तर नुसतं कॅल्शियम हा उपचार नव्हे, त्यासाठी वेगळी औषधं असतात.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात

लोह कारणाशिवाय घेऊ नये. रजोनिवृत्तीनंतर किंवा वयस्क पुरुषात लोह कमी आलं, तर पहिला प्रश्न हा की रक्त कुठे जातंय. आतड्यातला रक्तस्राव शोधायच्या आधी गोळीने आकडा सुधारणं म्हणजे धोक्याची घंटा काढून ठेवणं.

आठवड्यातून दोनदा मासे खाणाऱ्याला माशाच्या तेलाची कॅप्सूल सहसा लागत नाही. साध्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ओमेगा-३ बहुधा ३०० च असतं, बाकी नुसतं तेल. मोठ्या मात्रेने हृदयाची लय अनियमित होण्याचा धोका वाढतो. मॅग्नेशियम जास्त झालं की जुलाब होतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर ते साचतं. जस्त महिनोन्महिने ४० मिलिग्रॅमच्या वर घेतलं की शरीरातलं तांबं घटतं. ब६ ची मोठी मात्रा स्वतःच नसा बिघडवते, आणि मुंग्यांसाठी म्हणून दिल्या जाणाऱ्या मिश्रणांत ते असतं हे विशेष.

क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना ऊर्जा पुरवणारा घटक, दिवसाला तीन ते पाच ग्रॅम, भाराच्या व्यायामासोबत घेतलं तर स्नायूंना थोडी मदत होते. मात्र त्याने रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसतं, हे डॉक्टरांना आधी सांगा. डोळ्यांच्या दृष्टिपटलाच्या मधल्या भागाची (मॅक्युलाची) वयोमानाने होणारी झीज मध्यम टप्प्यावर असेल, तर ल्युटिन १० आणि झियाझँथिन २ मिलिग्रॅम असलेलं ठरावीक मिश्रण ती मंदावतं. निरोगी डोळ्यांना ते झिजण्यापासून वाचवत नाही.

मुद्दाम टाळायचं ते हे. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीन: फिनलंडमधल्या १९९४ च्या चाचणीत त्याने फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. रोज ४०० आययू ई जीवनसत्त्व: सिलेक्ट चाचणीत ते घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला. स्मरणशक्तीसाठीचा गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) तीन हजारांवर वृद्धांत स्मृतिभ्रंश रोखू शकला नाही, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर तो रक्तस्रावाचा धोका वाढवू शकतो. ग्रीन टी आणि हळदीचे अर्क कॅप्सूलमधून घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातली हळद आणि अर्काची कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सातवी पायरी: वेळापत्रक लावा

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर, आणि कॅल्शियम, लोह किंवा मॅग्नेशियम तिच्यानंतर किमान चार तासांनी. हा एक नियम मोडला की थायरॉईडचा अहवाल बिघडतो आणि औषधाची मात्रा उगाच वाढवली जाते. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको. काही प्रतिजैविकं कॅल्शियमला चिकटून निकामी होतात, म्हणून नवीन औषध मिळालं की औषधविक्रेत्याला यादी दाखवा. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडायच्या नाहीत, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. एक आठवडा भरपूर, एक आठवडा शून्य, असं झालं की रक्त गोठण्याचं प्रमाण हेलकावे खातं.

एका वेळी एकच नवीन गोळी सुरू करा आणि पुढची दोन आठवड्यांनी. तीन एकदम सुरू केल्या आणि पुरळ आलं, तर कोणती बंद करायची हे कळणार नाही. विकत घेताना प्रत्येक घटकाचं प्रमाण लिहिलेलं आहे ना, ते पाहा. नुसतं ‘खास मिश्रण’ लिहून एकूण वजन दिलेलं असेल तर ती बाटली परत ठेवा. यूएसपी किंवा एनएसएफसारख्या स्वतंत्र तपासणीचा शिक्का असेल तर बाटलीत लिहिलं तेच आहे एवढं कळतं. ते तुम्हाला उपयोगी पडेल का, हे शिक्का सांगत नाही.

आठवी पायरी: तीन महिन्यांनी वही उघडा

वजन, पोटरी, खुर्ची पुन्हा मोजा. ज्यासाठी गोळी सुरू केली ती तपासणी पुन्हा करा. ड जीवनसत्त्वाचा आकडा स्थिर व्हायला सुमारे तीन महिने लागतात, त्याआधी तपासून उपयोग नाही. शस्त्रक्रिया ठरली तर पूरकांची यादी भूलतज्ज्ञाला आधीच द्या.

आकडा सुधारला म्हणून प्रत्येक गोळी बंद होत नाही, हेही लक्षात घ्या. चार महिने नीट जेवता आलं नाही म्हणून आलेली कमतरता भरून निघाली की गोळी थांबते. मेटफॉर्मिनमुळे किंवा जठराच्या आम्लाअभावी ब१२ घटलेलं असेल, तर कारण तिथेच असतं. अशा वेळी गोळी बंद केली की वर्षभरात किंवा थोडं उशिरा आकडा पुन्हा खाली येतो, आणि मुंग्या परत आल्यावरच ते लक्षात येतं. म्हणून वहीतल्या ‘कशासाठी’ या रकान्यात ‘ब१२ कमी’ एवढंच लिहू नका, ते का कमी झालं तेही लिहा.